एवढासा झिंगा काच फोडतो म्हणे, रीलमधलं किती खरं समजायचं?

मोंढा_नाका_परभणी

रामराम मंडळी. लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिनं मँटिस श्रिंप नावाचा समुद्रातला प्राणी विषय म्हणून धरलाय, का तर मोबाईलवर त्याची रील बघितली. आता त्या रीलमध्ये काय काय सांगायलेत बघा. त्याचा ठोसा बंदुकीच्या गोळीच्या वेगाचा, ठोशानं पाणी उकळतं आणि सूर्याइतकं तापतं, त्याच्या डोळ्यात १६ प्रकारच्या पेशी म्हणून आपल्याला स्वप्नातबी दिसणार नाहीत एवढे रंग त्याला दिसतात, अॅक्वेरियमची काच फोडतो, असं बरंच काही. लेकरू हे सगळं तक्त्यावर स्केचपेननं लिहून मोकळं झालंय.

मी मोंढ्यात आडतीवर बसणारा माणूस, मला यातलं काय कळत नाही पण गोळीच्या वेगाचं काही पटंना. आणि समजा खरं धरलं तर एवढ्याशा जीवात एवढा जोर आल्यावर त्याचाच हात आधी तुटायला पाहिजे का नाही? दुसरं, हा आपल्याकडं जायकवाडीत, गोदावरीत कुठं सापडतो का? मास्तर पहिलं हेच विचारणार. जाणकारांनी जरा उलगडून सांगा, गुगलवर इंग्रजीत लई गुंतागुंतीचं लिहिलंय.

औरंगपुरा_झूऑलॉजी

दादा, शंका अगदी बरोबर आहे तुमची, गोळीचा वेग ही थाप आहे. पण त्या थापेखाली जे खरं आहे ते थापेपेक्षा भारी आहे, म्हणून जरा लांबण लावते, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे हा झिंगा नाहीच. झिंगे, खेकडे, शेवंड हे सगळे एका घरातले. हा स्टोमॅटोपोडा नावाच्या वेगळ्या घराण्यातला, त्यांच्यापासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटून निघालेला. जाती साडेचारशेच्या आसपास. झिंग्याचे कल्ले पाठीवरच्या कवचाखाली झाकलेले असतात, याचे मागच्या पोहायच्या पायांवर असतात, एवढ्यावरूनच वेगळेपण कळतं. जायकवाडीत नाही सापडणार, हा खाऱ्या पाण्यातला जीव, बहुतेक जाती उष्ण समुद्रात कमी खोलीवर बिळात नाहीतर प्रवाळाच्या फटीत राहतात. तक्त्यावर तेवढं ठळक लिहायला सांगा.

याचे पुढचे दोन मोठे पाय दुमडून छातीशी धरलेले असतात आणि तेच हत्यार. त्यावरून दोन प्रकार पडतात. एकाच्या पायाला लांब अणकुचीदार काटे असतात, तो वाळूत चिखलात बीळ करून नुसते डोळे बाहेर ठेवून बसतो, वरून मासा गेला की भोसकून आत ओढतो. दुसऱ्याच्या पायाचा शेवटचा तुकडा खालच्या बाजूला फुगून टणक गाठ झालेली असते, तो त्या गाठीनं शंख, शिंपले, खेकडे फोडून खातो. रीलमधला तो हिरवा-निळा-लाल रंगीबेरंगी म्हणजे पीकॉक मँटिस श्रिंप, ओडोन्टोडॅक्टायलस सायलॅरस, तो हा फोडणारा. बोटभर ते फार तर वीतभर.

आता वेग. २००४ साली शीला पाटेक, कोर्फ आणि रॉय कॉल्डवेल यांनी सेकंदाला हजारो फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यानं याचं शूटिंग करून नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं. वेग निघाला सेकंदाला २३ मीटरपर्यंत. म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या थोडं वर, आपली लाल परीबी बायपासला तेवढी पळते 😄 .२२ ची साधी गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या पुढं जाते. मग गोळी कुठून आली मधी? तर अॅक्सिलरेशनमधून, म्हणजे वेग किती झटक्यात वाढतो त्यातून. हा पाय उभ्या जागेवरून एवढ्या झटक्यात सुटतो की अॅक्सिलरेशन गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटीपर्यंत जातं, आणि ते गोळीला बॅरलमध्ये मिळणाऱ्या अॅक्सिलरेशनच्या जवळपासचं आहे. लेकीला गणित घालून बघायला सांगा, अर्ध्या मीटरच्या नळीत शून्यावरून ३३० वर जायचं तर किती लागतं, दर सेकंदाला वेग लाखभर मीटर प्रति सेकंदानं वाढावा लागतो असा आकडा येतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दहा-अकरा हजार पटच. रीलवाल्यानं अॅक्सिलरेशनच्या जागी वेग लिहिला, बास. आणि हे सगळं पाण्यात चालतं हे विसरू नका, हवेत नाही.

खरी गंमत पुढं आहे. कुठलाच स्नायू एवढ्या झटक्यात आकुंचन पावू शकत नाही, माणसाचा नाही आणि याचाबी नाही. मग हा करतो काय, गलोलीसारखं करतो. गलोलीचं रबर आपण सावकाश ताणतो, सोडल्यावर दगड आपल्या हातापेक्षा कितीतरी जोरात जातो. याच्या पायात वरच्या बाजूला घोड्याच्या खोगिराच्या आकाराचा एक कडक तुकडा आहे, तो स्प्रिंग. मोठा स्नायू तो स्प्रिंग सावकाश दाबत जातो आणि त्या वेळेला दुसरा एक छोटा स्नायू आतले दोन कठीण तुकडे अडकवून पाय जागेवर धरून ठेवतो, म्हणजे खटका लावून ठेवतो. खटका सुटला की साठवलेला सगळा जोर एकदम. तीन मिलिसेकंदांच्या आत खेळ खलास. ते खोगीरबी नुसतं एकजिनसी नाही, वरचा थर खनिजांनी भरलेला, तो दाब सोसतो, खालचा थर कायटिन (किडे-खेकड्यांच्या कवचातला चिवट पदार्थ) आणि प्रथिनांचा, तो ताण सोसतो. वाकताना एका अंगाला दाब आणि दुसऱ्या अंगाला ताण येतो म्हणून तशी वाटणी. नुसत्या खनिजाचं असतं तर तडकलं असतं.

पाणी उकळण्याचं आणि हात न तुटण्याचं नंतर लिहिते, लॅबला निघाले.

कन्नड_घाटातला_शेतकरी

पाणी उकळण्याचं मी सांगतो, कारण ते आमच्या विहिरीवर होतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आन मोटार वरच ठेवली की पंप वाळू भरडल्यासारखा खडखड करतो, पाणी कमी मारतो. मग मेकॅनिक पंप खोलतो आन इंपेलर, म्हंजी आतलं फिरणारं पात्यांचं चाक दाखवतो, पात्यांवर सगळे बारीक बारीक खड्डे, उंदरानं कुरतडल्यागत. पाण्याचा दाब एका जागी लई कमी झाला की पाणी थंडगार असूनबी त्याची वाफ होते, बुडबुडे होतात, आन पुढं दाब वाढला की ते बुडबुडे फटकन मिटतात. मिटताना जो दणका बसतो तो लोखंड खातो. कॅव्हिटेशन म्हणत्यात त्याला, पंपाच्या कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतंय पण ते कोण वाचतंय.

ह्या प्राण्याचंबी तेच दिसतंय मला. ताई बरोबर का ओ?

औरंगपुरा_झूऑलॉजी

शंभर टक्के बरोबर दादा, यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

गाठ शंखावर आपटून मागं येते तेव्हा दोघांच्या मधल्या पाण्यात दाब एकदम पडतो आणि बुडबुडा तयार होतो. तो मिटला की दुसरा दणका. पाटेक आणि कॉल्डवेल यांनी २००५ साली प्राण्याला जोर मोजायच्या सेन्सरवर ठोसे मारायला लावले, तर आलेखात प्रत्येक ठोशाला दोन शिखरं आली. पहिलं गाठ आदळल्याचं, दुसरं त्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत, बुडबुडा मिटल्याचं. पहिल्याचा जोर ४०० पासून १५०० न्यूटनपर्यंत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हजारो पट. दुसऱ्याचा ५०० न्यूटनपर्यंत. आणि दोन्ही पाय मागोमाग चालवले तर एका हल्ल्यात चार दणके.

मिटणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात तापमान क्षणभर प्रचंड चढतं हे खरं, पण कुठं, डोळ्याला न दिसणाऱ्या ठिकाणी, सेकंदाच्या लाखाव्या भागापुरतं. त्यानं आजूबाजूचं पाणी उकळलं बिकळलं काही नाही. रीलमधलं "सूर्याइतकं तापतं" खोडा, त्या जागी पंपाच्या इंपेलरचं उदाहरण टाका, परभणीत ते सगळ्यांना कळंल.

काच फोडण्याचं मात्र अगदीच खोटं नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका अॅक्वेरियममध्ये टायसन नाव ठेवलेल्या अशाच एका पीकॉक मँटिसनं काच तडकवल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण प्रत्येक मँटिस श्रिंप काच फोडतो असं नाही, बहुतेक जाती बोटाएवढ्या असतात.

जालना_रोलिंग_मिल

हात का तुटत नाही हा प्रश्न माझ्या लाईनीतला आहे, मी जालन्यात सळयांच्या मिलमध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळं कडकपणा आणि तडा ह्या दोन गोष्टींनीच डोकं खाल्लेलं असतं रोज. जेवढी कडक वस्तू तेवढी ठिसूळ, आणि जेवढी चिवट तेवढी मऊ, दोन्ही एकदम मिळवणं म्हणजे कसरत. ह्या प्राण्याची गाठ बघितली की जळफळाट होतो, मिलमध्ये भट्टी नाही, कार्बन मोजायचं मशीन नाही, समुद्राच्या पाण्यात बसल्या बसल्या बनवतो.

२०१२ ला कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइडमधल्या डेव्हिड किसाइलस यांच्या टीमचा सायन्स या नियतकालिकात पेपर आला होता, तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागं लागलोय. गाठ कापून आडवी बघितली तर आत वेगवेगळे भाग दिसतात. सगळ्यात बाहेर जिथं दणका बसतो तिथं हायड्रॉक्सीअॅपेटाइट, म्हणजे आपल्या दाताहाडातलं जे कॅल्शियमचं फॉस्फेट, ते ठासून भरलेलं. खेकड्याच्या कवचात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, खडूतलं. तर ह्यानं मारायच्या जागी बरोबर महागडा माल वापरलाय. पुढं २०१६ ला दिसलं की त्या बाहेरच्या भागात धागे सरळ नाहीत, नागमोडी हेरिंगबोन नक्षीत आहेत, त्यामुळं दणक्याचा ताण एका बिंदूवर न राहता पसरतो.

पण मला वेड लावलं ते आतल्या भागानं. तिथं कायटिनच्या धाग्यांचे पातळ थर एकावर एक, आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडासा फिरवून ठेवलेला. असे फिरत फिरत पूर्ण वळसा. आता तडा बाहेरून आत शिरला की त्याला सरळ जाताच येत नाही, धाग्याच्या कडेकडेनं तो वळत जातो, वळत वळत लांबच लांब वाट चालतो आणि वाटेत त्याची सगळी ताकद संपते. म्हणजे हा तडा पडूच देत नाही असं नाही, तडा पडतो, शेकडो बारीक बारीक पडतात, पण गाठीचे दोन तुकडे होत नाहीत. आमच्याकडं सळईचा बेंड टेस्ट करताना तडा दिसला की माल रिजेक्ट, ह्याच्याकडं तडे पडूनच माल पास होतो. हीच रचना धरून कार्बन फायबरचे थर थोडे थोडे फिरवून पॅनल केले आणि लॅबमध्ये वजन पाडून बघितलं, तर नेहमीच्या मांडणीपेक्षा नुकसान कमी झालं.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा सायन्समध्ये अजून एक गोष्ट आली. हे थर नुसते तडा वळवत नाहीत तर दणक्यातून निघणाऱ्या लहरींपैकी काही विशिष्ट, जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी गाळून टाकतात, पुढं मऊ मांसाकडं जाऊच देत नाहीत. बुडबुडा मिटताना ज्या लहरी निघतात त्या तशाच जास्त फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे स्वतःच्या हत्यारानं निर्माण केलेल्या दुसऱ्या दणक्यापासून स्वतःला वाचवायची सोय.

एवढं करूनबी झिजते बरं का. झिजली की कात टाकतो, नवी गाठ येते. आम्हाला रोल बदलायचा तर शटडाऊन घ्यावा लागतो!

नांदेड_कोडर

ठोसा ठीक आहे पण खरी ताकद डोळ्यात आहे राव. माणसाकडं रंगाच्या ३ पेशी, ह्याच्याकडं १२ ते १६. म्हणजे ह्याला दिसणारी दुनिया आपल्यापेक्षा कित्येक पट रंगीत असणार, साधं लॉजिक आहे, चॅनल वाढले की कॉम्बिनेशन वाढतात. रीलमध्ये ते बरोबर दाखवलंय. लेकीला ते काढायला लावू नका.

औरंगपुरा_झूऑलॉजी

@नांदेड_कोडर लॉजिक साधं आहे पण प्राण्यानं ते ऐकलं नाही 🙂

२०१४ मध्ये हॅना थोएन, जस्टिन मार्शल वगैरेंनी ऑस्ट्रेलियात प्रयोग केला. मँटिस श्रिंपला शिकवलं की अमुक रंगाच्या दिव्याकडं गेलास तर खायला मिळंल. मग शेजारी दुसरा रंग लावला आणि दोन्ही रंग एकमेकांच्या जवळ जवळ आणत गेले, कुठवर ओळखतोय बघायला. माणसाला तरंगलांबीत १ ते ५ नॅनोमीटर फरक असला तरी रंग वेगळा कळतो. ह्याला १२ ते २५ नॅनोमीटर तरी लागला. म्हणजे जवळच्या रंगांतला बारीक फरक ओळखण्यात तो आपल्यापेक्षा पुष्कळ मागं. पैठणीच्या दुकानात नेला तर दोन जवळच्या छटा त्याला सारख्याच वाटतील.

मग १२ पेशी कशाला? आपण करतो काय, तीन पेशींच्या सिग्नलची डोक्यात तुलना करून रंग ठरवतो, त्याला मेंदू लागतो. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की हा तुलना करतच नाही, कुठल्या पेशीनं किती हाक दिली ते सरळ वाचून रंग ठरवतो. बारीक फरक जातो, पण वेळ आणि मेंदू वाचतो. बिळाच्या तोंडाशी दुसरा मँटिस उभा असला तर त्याच्या अंगावरची छटा नेमकी मोरपंखी का पोपटी यावर चर्चा करायला कुणाला वेळ आहे.

तरी डोळा अफलातूनच आहे, त्यात वाद नाही. दोन्ही डोळे देठावर, वेगवेगळे फिरतात, गोल आसाभोवतीसुद्धा वळतात. प्रत्येक डोळ्याच्या मधून सहा ओळींचा एक पट्टा जातो. वरच्या चार ओळी रंगासाठी, त्यात अल्ट्राव्हायोलेटपण आलं, खालच्या दोन पोलराइज्ड प्रकाशासाठी, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक दिशेनंच हलतात अशा प्रकाशासाठी. पट्ट्याच्या वरचा भाग, पट्टा आणि खालचा भाग, तिन्ही एकाच जागेकडं बघू शकतात, त्यामुळं एकाच डोळ्यानं अंतराचा अंदाज घ्यायची सोय आहे. पट्टा अरुंद असल्यानं रंग बघायचा तर डोळा सारखा वरखाली फिरवावा लागतो, व्हिडिओत तो डोळे मिचमिच हलवताना दिसतो ते त्यासाठी.

आणि एक अशी गोष्ट त्याला दिसते जी आपल्याला खरंच दिसत नाही, सर्क्युलर पोलरायझेशन. थ्रीडी पिक्चरचा चष्मा घातलाय ना, बऱ्याच थिएटरांत त्या चष्म्याच्या एका काचेतून डावीकडं वळणारा प्रकाश आत येतो, दुसऱ्यातून उजवीकडं वळणारा. तो फरक आपल्याला चष्म्याशिवाय कळत नाही. पीकॉक मँटिसच्या डोळ्यात ती सोय जन्मजात आहे, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं.

नांदेड_कोडर

प्रयोग इंटरेस्टिंग आहे. पण मग त्या वळणाऱ्या प्रकाशाचा त्याला उपयोग काय? समुद्रात थ्रीडी पिक्चर थोडाच लागतो.

औरंगपुरा_झूऑलॉजी

भांडणं टाळायला. गोनोडॅक्टायलॅसियस फाल्कॅटस म्हणून एक जात आहे, तिच्या अंगावरून असा वळणारा प्रकाश परावर्तित होतो. २०१५ मध्ये त्यांच्यापुढं दोन बिळं ठेवली, एकातून साधा प्रकाश, दुसऱ्यातून सर्क्युलर. बहुतेकांनी सर्क्युलर असलेलं बीळ टाळलं. म्हणजे "इथं आधीच कुणीतरी राहतंय" ही पाटी त्यांना दिसते, माशांना दिसत नाही.

मोंढा_नाका_परभणी

ताई, दादा, सगळ्यांचे आभार, लई खोलवर सांगितलं. लेकीनं गोळीवाली ओळ खोडून अॅक्सिलरेशन लिहिलंय, इंपेलर मागायला आमच्या शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं गेली. आता तिचा नवीन प्रश्न, असे दोन जण एकमेकांशी भांडले तर एका ठोशात मरत नाहीत का? आणि घरी टाकीत पाळता येईल का, हे मी विचारत नाही, तीच विचारायलीय.

उदगीर_ते_मिरकरवाडा

पाळायचं आधी सांगतो. खाऱ्या पाण्याची टाकी लागते, त्याचं मीठ बाजारात मिळतं पण पाणी आरओचं लागतं, तापमान सांभाळायचं, टाकीत दुसरं काही जिवंत ठेवलं की ते त्याचं जेवण. आमच्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तुम्ही दर आठवड्याला बादलीभर आरओचं पाणी खारट करून ओतून द्यायच्या गोष्टी करायलाव. व्हिडिओ बघा, फुकट आहे.

भांडणाचं असं आहे. मारायच्या आधी बराच तमाशा चालतो, पुढचे पाय पसरून आतले रंगीत ठिपके दाखवायचे, अंग उंच करायचं. तरी जुंपलीच तर ज्याच्यावर ठोसा येतोय तो शेपटीचं टोक पुढं करतो. शेपटीचा शेवटचा तुकडा जाड, उंचवट्यांचा असतो, ठोसा त्यावर घ्यायचा, मग आपली पाळी. फोडणाऱ्या जातींमध्ये असे आळीपाळीनं ठोसे घेत भांडण मिटतं, मरामरी होतेच असं नाही.

खरा लोच्या होतो कात टाकल्यावर. अंग आणि गाठ दोन्ही काही दिवस मऊ, मारलं तर स्वतःलाच लागणार. तेव्हा हा काय करतो, बिळाच्या तोंडाशी येऊन तोच रुबाब दाखवतो, पाय पसरतो, धमकावतो. समोरच्याला कळत नाही की हत्यार लोण्याचं झालंय, आणि बऱ्याचदा तो निघून जातो. १९८३ ला स्टेगर आणि कॉल्डवेल यांनी हे सायन्समध्ये छापलं होतं. आमच्या गावात असे पुढारी बघितलेत, फक्त ते कात टाकत नाहीत.

मी मूळचा उदगीरचा, फिशरीजचं शिकून आता रत्नागिरीला असतो. तुमची लेक महाराष्ट्राचं उदाहरण मागत असेल तर आहे. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात ह्याचा भाऊबंद भरपूर येतो, स्क्विला म्हणतात, शास्त्रीय नाव मियाकेला नेपा. हा रंगीत नाही, मळकट पिवळा-करडा, चिखलात राहणारा, आणि ठोसेवाला नाही, भोसकणारा. दुमडलेल्या पायाच्या आतल्या कडेला ओळीनं धारदार काटे असतात. शेपटीलाही काटे. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायका ह्याला बोटाच्या चिमटीत पाठीवरूनच धरतात, पोटाच्या बाजूनं नाही, आणि जिवंत असला की तो शेपटी झटकून बोट फाडतो ते वेगळंच. निवडताना कोळंबी एका टोपलीत, मांदेली, बांगडा वेगळा, हा बाजूला फेकला जातो. त्या फेकलेल्या ढिगातलं बरंच वाळवून फिशमिलला, म्हणजे मासळीच्या भुकटीला जातं, आणि ती भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे मराठवाड्यातल्या पोल्ट्रीवाल्यानं एखाद्या वेळेला नकळत मँटिस श्रिंप खाऊ घातला असेल कोंबडीला.

भोसकणारे ठोसेवाल्यांपेक्षा हळू असतात, हे मलाबी आधी उलटं वाटायचं. पळता मासा धरायचा तर जास्त वेग लागेल ना? पण मोजलं तर सगळ्यात मोठी जात, लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा, जी ४० सेंटिमीटरपर्यंत जाते, तिचा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन मीटरच. दबा धरून बसल्यावर मासा स्वतःच जवळ येतो, तिथं पोच लांब लागते. शंख कुठं पळत नाही, पण तो फोडायला झटका लागतो. ह्या मोठ्या जातीत नर-मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं जोडीनं राहतात, शिकार बहुतेक नर करतो आणि मादीला आणून देतो.

जालना_रोलिंग_मिल

शंख फोडायची पद्धत पण सांगा की सर, मी व्हिडिओत बघितलं तो फिरवून फिरवून बघतो आधी.

उदगीर_ते_मिरकरवाडा

हो, ते बघण्यासारखं आहे. शंख बिळाशी आणतो, पायांनी फिरवतो, हव्या त्या बाजूनं टेकवून ठेवतो, ठोसा मारतो, पुन्हा थोडा फिरवतो. २०१८ मध्ये नियोगोनोडॅक्टायलस ब्रेडिनीवर अभ्यास झाला, तर दिसलं की कुठं मारायचं हे तो शंखाचा आकार बघून ठरवतो. उंच, निमुळता शंख असला तर टोकावर, बसकट गोल असला तर तोंडाच्या कडेला. एका चिवट शंखाला शेकडो ठोसेबी लागतात. एका ठोशात सगळं फुटतं ही पण रीलचीच कृपा.

आणि तक्त्यावर जागा उरली असंल तर अजून दोन सांगतो. एक, पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, भाताच्या शितापेक्षा लहान, अंड्यातून बाहेर पडल्यावर नऊ-दहा दिवसांत ठोसा मारायला लागतात. अंग आरपार दिसतं म्हणून २०२१ मध्ये त्यांच्या पायातले स्नायू आणि खटका चालू असताना कॅमेऱ्यात पकडता आले. दोन, पनामाच्या प्रशांत किनाऱ्यावर नॅनोस्क्विला डेसेमस्पायनोसा म्हणून इंचभराची जात आहे, पाय एवढे तोकडे की कोरड्यावर लाटेनं टाकली तर चालता येत नाही. मग ती अंगाचं वेटोळं करून मागच्या मागं कोलांट्या मारत पाण्याकडं जाते. कॉल्डवेल यांनी १९७९ ला नेचरमध्ये लिहिलंय.

मोंढा_नाका_परभणी

कोलांट्यावालं चित्र लेकीनं काढायला घेतलं पण. शेवटचं एक, माझ्याकडून. हे खातात का हो माणसं? कोंबडीचं सांगितलं म्हणून विचारतो.

उदगीर_ते_मिरकरवाडा

खातात की. जपानमध्ये शाको म्हणून उकडून सुशीवर ठेवतात, इटलीत, व्हिएतनाममध्ये, हाँगकाँगला तर आवडीनं खातात. आपल्याकडं मागणी कमी, कारण कवच सोलायला किचकट, काटे टोचतात आणि मांस कमी निघतं. त्यात मेल्यावर ह्याचं मांस आतल्या आत फार लवकर विरघळायला लागतं, नुसतं बर्फात ठेवून भागत नाही, आल्या आल्या उकडावं लागतं. रत्नागिरीहून परभणीला पोचेपर्यंत कवचात काय उरंल ते सांगता येत नाही. तुम्ही आपली गोदावरीची मासळीच खा.